तुमची ती मोड, आमचं ते भंगार

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबं शुद्ध कसं करायचं ते लिहिलेलं आहे. तांबं, लोखंड, पितळ, कथील, शिसं विटाळलं तर राखेनं, आंबटानं, पाण्यानं घासा. झालं शुद्ध. आणि त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय की चांडाळानं गावाबाहेर राहावं, मढ्यावरचं कापड नेसावं, फुटक्या भांड्यात खावं आणि अंगावर दागिना घालायचाच झाला तर लोखंडाचा घालावा. आता चांडाळाला घासायला कुठली चिंच लागते, किती राख लागते, ते मनूनं सांगितलेलं नाही. तो विसरला नव्हता. हरामखोरानं मुद्दाम टाळलं. कारण माणूस शुद्ध झाला तर फुटकी भांडी कोण उचलणार?

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी हे पुस्तक जाळलं. कागद जळाला. पण पुण्यात रोज सकाळी तो दहावा अध्याय पाठीवर पोतं घेऊन रस्त्यानं चालतो. तो आम्ही आहोत. आमच्या आया, आमच्या मावश्या, आमच्या बहिणी. कचरापेटीत वाकलेल्या, हातात आकडा, कमरेला पिशवी. फुटकी भांडी अजून आम्हीच उचलतो. फरक इतकाच की आता त्या फुटक्या भांड्यांना भाव आलाय. आणि भाव आला म्हणून सगळ्या जातीच्या, सगळ्या पक्षांच्या शहाण्यांची नजर त्या पोत्यावर गेली आहे. त्या पोत्याविषयी मला बोलायचंय.

पहिली गोष्ट भाषेची. पुण्याची भाषा फार शुद्ध म्हणतात. बघा किती शुद्ध आहे ती. पेठेतल्या बाईच्या घरात आजेसासूचा तांब्याचा बंब असतो, घंगाळ असतं, हंडा असतो. गिझर आला, स्टील आलं, बंब माळ्यावर गेला. मग एक दिवस ती बाई तो बंब भांड्यांच्या दुकानात नेते. दुकानदार म्हणतो, या वहिनी, बसा. काट्यावर बंब चढतो, वजन बाईच्या डोळ्यांसमोर होतं, आणि बाई म्हणते, मी जुनं मोडीत घातलं. तिचं ते तांबं म्हणजे मोड. माझी आय तेच तांबं, त्याच बंबाची गळकी तोटी, उकिरड्यातनं उचलून काट्यावर नेते तेव्हा ते भंगार होतं. तिला कुणी बसा म्हणत नाही. धातू एक, भट्टी एक, भाव मात्र हात बघून ठरतो. तुमची ती मोड, आमचं ते भंगार. तुमचा तो वारसा, आमचा तो कचरा.

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथं त्वष्टा कासार तांबं ठोकतायत. त्या कारागिरांशी माझं भांडण नाही. हातोड्यानं मठारकाम करून ज्याचे कान बधिर झाले तो माझाच भाऊ आहे, आणि त्याच्या कलेची वाहवा करून दुसऱ्याच कुणी पैसा केला हेही मला ठाऊक आहे. माझं भांडण त्या गिऱ्हाइकाशी आहे. तांब्याच्या बाटलीतलं पाणी पितो, आरोग्याच्या गप्पा मारतो, परंपरेचं कौतुक करतो, आणि दारावर कचरा घ्यायला आलेल्या बाईनं पाणी मागितलं तर प्लास्टिकचा वेगळा गलास शोधतो. अरे शहाण्या, तुझ्या त्या बाटलीतलं तांबं मागच्या जन्मी काय होतं, तुला काय ठाऊक? तांबं वितळलं की पुन्हा तांबंच होतं, कितीदाही वितळवा, कस जात नाही. जगात जेवढं तांबं वापरलं जातं त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश हे असं परत गाळलेलं असतं. तुझी बाटली एखाद्या म्हारा-मांगाच्या बाईनं गटाराच्या कडेला सोललेली तार असू शकते. पी. घटाघट पी. तुझा धर्म तुझ्या घशातनं खाली गेलाय.

आता ज्यांनी पोतं कधी उचललं नाही त्यांच्यासाठी या धंद्याचं गणित सांगतो.

पोत्यात सगळ्यात जास्त येतो पत्रा आणि लोखंड. वजनाला जड, भावाला हलकं. मग बीड. मग जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. मग पितळ: नळाच्या तोट्या, स्टोव्हचे बर्नर, कुलपं. आणि सगळ्यांच्या वर तांबं. तांबं आयतं सापडत नाही, ते काढावं लागतं. पंख्याच्या मोटारीतनं, जुन्या टीव्हीच्या गळ्यातल्या गुंडाळीतनं, फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधनं, पाडलेल्या वाड्याच्या भिंतीतल्या वायरीतनं. पोरगं दोरीला चुंबक बांधून मातीत ओढत नेतं, त्याला लोखंड चिकटतं. तांबं चुंबकाला चिकटत नाही. त्याला नजर लागते, नखं लागतात.

वायर मिळाली की दोन वाटा. एक, पात्यानं सोला. लखलखीत तार निघते, व्यापारात तिला मिलबेरी म्हणतात, तिचा भाव पहिला. पण एक किलो बारीक वायर सोलायला दिवस जातो आणि बोटं फाटतात. दुसरी वाट, जाळा. पाच मिनिटांत प्लास्टिक उडून जातं. तो काळा धूर छातीत जातो, त्यात विष असतं, आणि तार काळी पडते म्हणून भाव कमी. म्हणजे जी बाई फुफ्फुसं देते तिला पैसे कमी मिळतात. वर पर्यावरणवाला येतो आणि म्हणतो, हे लोक वायरी जाळतात, हवा घाण करतात. जाळू नये हे मलाही मान्य आहे. मग सोलायचं मशीन वस्तीत आणून का बसवत नाही? फोटो काढायला कॅमेरा आहे, मशीनला पैसा नाही?

मग काटा. सगळी लढाई काट्यावर आहे, दोस्तहो. वजनमापाच्या कायद्यानं धंद्यातल्या प्रत्येक काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का पाहिजे. वस्तीच्या तोंडावरच्या किती काट्यांवर तो आहे, जाऊन बघा. बाई सांगते साडेतीन किलो, काटा सांगतो तीन. मग माती आहे म्हणून कट, ओलं आहे म्हणून कट, आत स्क्रू आहे म्हणून कट. मग उचल वजा. पोराच्या आजारपणाला, लेकीच्या लग्नाला भंगारवाल्यानं उचल दिलेली असते, आणि ज्यानं उचल दिली त्यालाच माल घालावा लागतो, तो सांगेल त्या भावानं. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. लंडनला भाव पडला की त्याच दिवशी आमच्या वस्तीत पडतो. लंडनला चढला की वस्तीत यायला पंधरा दिवस लागतात. भंगारवाला राक्षस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या वर मोठा, त्याच्या वर ठोक, त्याच्या वर भट्टीवाला. शिडीच आहे ती. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला जिन्याशिवायची बहुमजली इमारत म्हटलं होतं असं आपण भाषणात सांगतो ना? मग बघा. माल वर चढतो. माणूस चढत नाही.

२०२४ च्या १० ऑक्टोबरपासून आणखी एक पायरी आली. नोंदणी नसलेल्या माणसाकडनं धातूचं भंगार घेतलं तर घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं त्याच्यावरचा १८ टक्के जीएसटी स्वतः भरायचा. व्यापारी तो हिशेबात परत मिळवतो. पण काट्यापाशी अंगठा उठवणाऱ्या बाईला भाव पाडून सांगायला त्याला एक नवं निमित्त मिळालं: सरकारनं टॅक्स लावलाय, मावशी. सरकारला मावशीचा टॅक्स पाहिजे. मावशी नको.

आता चोरीचं बोलू. पोत्यात पत्रा असला तर पोलीस विचारत नाही. तांबं दिसलं की विचारतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. कलम १२४. चोरीचा असावा असा वाजवी संशय येणारा माल जवळ सापडला आणि तो कुठनं आला याचा खुलासा मॅजिस्ट्रेटला पटला नाही, तर शिक्षा. वाजवी म्हणजे काय? कोटातल्या माणसाच्या बॅगेत चार किलो तांबं असलं तर ते सॅम्पल. लुगड्यातल्या बाईच्या पोत्यात असलं तर ते वाजवी संशय.

माझ्या आयला एकदा चौकीत बसवलं होतं. पाडकामाचा राडारोडा साफ करायला मुकादमानंच तिला बोलावलं होतं, आणि वायरी घेऊन जा म्हणाला होता.

"हे तांबं कुठनं आणलंस?"

"वेचलंय, सायेब."

"तांबं कुणी टाकून देतं का?"

"माणसं टाकून देत्यात सायेब, तांब्याचं काय घेऊन बसलात."

संध्याकाळी सोडलं. तांबं ठेवून घेतलं. पावती नाही. माझ्या आयचं ते वाक्य मी कुठल्याही कवितासंग्रहात वाचलेलं नाही, आणि माझ्या कवितेत मला ते जमलेलं नाही.

मी गोदीत काम करतो. आठवड्यातले सहा दिवस मुंबई, एक दिवस पुणे. गोदीतही कंत्राटी कामगाराची गेटवर झडती असते. खिसे, डबा, चपला. कंटेनर भरभरून परदेशातलं भंगार देशात उतरतं, त्याला बिल ऑफ लेडिंग असतं, विमा असतो, एजंट असतो. परदेशातला कचरा या देशात साहेबासारखा उतरतो. इथला कचरा उचलणाऱ्या बाईला मात्र कागद विचारतात.

कागदावरनं आठवलं. जुन्या काळी राजे ब्राह्मणांना जमिनी दान द्यायचे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून. ताम्रपट. पावसानं भिजू नये, वाळवीनं खाऊ नये, हजार वर्षं मालकी टिकावी. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट वाटले. त्याच १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता. माझ्या आजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि ते पुरेना तेव्हा पोरं कडेवर घेऊन पुण्याची वाट धरली. पुण्यातल्या कितीतरी वेचणाऱ्या बायांचं घराणं त्या दुष्काळातनं सुरू होतं. ज्यांना जमीन होती त्यांना तांब्यावर लिहून मिळालं. जिला जमीन नव्हती तिला तांबं उकिरड्यावर शोधायला लागलं.

कुणी म्हणेल, सगळं काळंच सांगतो हा. नाही. जे झालंय ते सांगतो. १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात आठशेच्या वर वेचणाऱ्या बाया एकत्र जमल्या आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची पंचायत बांधलेले बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते, एसएनडीटीतल्या शिकवणाऱ्या बाया होत्या. १९९५-९६ ला महापालिकेनं ओळखपत्रावर आपला शिक्का दिला. ते कार्ड गळ्यात आलं आणि पोलिसाच्या आवाजातला 'ए' कमी झाला. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातल्या भंगाराच्या धंद्याचा अभ्यास झाला, त्यात हिशेब निघाला की एक वेचणारी बाई दर महिन्याला २४६ रुपयांचं काम पालिकेला फुकट करून देते. २००८ ला 'स्वच्छ' या बायांच्या सहकारी संस्थेशी पालिकेनं करार केला. घराघरातनं कचरा घ्यायचा, घरटी पैसे घ्यायचे, आणि सुक्यातलं विकायचा हक्क वेचणारीचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत वेचकांची नोंद झाली. हे कुणी दान दिलेलं नाही. मोर्च्यात पाय झिजवून मिळवलेलं आहे, आणि या संघटनेतल्या बहुतेक बाया आपल्या आहेत, दलित आहेत. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्यांचं नाव कुठल्या पानावर आहे? पुढाऱ्यांच्या फुटीची तारीख आपल्याला पाठ आहे. त्या मे महिन्याची नाही.

पण करार म्हणजे मालकी नव्हे. करार पाच वर्षांचा असतो. आणि आता हवा बदललीय. २०२३ साली केंद्राच्या खाण मंत्रालयानं देशाला अत्यंत गरजेच्या ३० खनिजांची यादी काढली. त्यात तांबं आहे. विजेच्या गाड्या, सौर ऊर्जा, सगळ्याला तांबं पाहिजे. खाणीतल्या शंभर किलो दगडात तांबं किलोभर निघणं मुश्कील. आमच्या आयच्या पोत्यातली सोललेली तार जवळजवळ निव्वळ तांबं. मग खाण कुठली श्रीमंत, सांगा? तरी खाणवाल्याला लीज मिळते आणि आमच्या आयला कलम १२४. आणि तांबं गाळायचा धूर कुणाच्या छातीत जातो? २०१८ च्या २२ मे रोजी तमिळनाडूत तुतिकोरिनला तांब्याच्या कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं मेली. तांबं असं महाग आहे. ते फुकट वाटतं ते फक्त आमच्या हातात असतं तेव्हा.

एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आले. कंपन्यांनी सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम इतकं इतकं परत मिळवल्याची प्रमाणपत्रं घ्यायची, ती नोंदणीकृत रिसायकलरकडनं. प्रमाणपत्राला बाजार आहे. आता कोट घातलेली पोरं स्लाइड दाखवतात, शहरी खाण म्हणतात, चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. पन्नास वर्षं हे चक्र आमच्या बायांच्या पायांवर फिरत होतं तेव्हा त्याला घाण म्हणत होते. घाण होती तोवर तो आमचा धर्म होता. सोनं झालं की त्याचं टेंडर निघतं. टेंडरला अनामत रक्कम लागते, उलाढाल लागते, तीन वर्षांचा ताळेबंद लागतो. तीन पिढ्यांचा अनुभव त्या फॉर्मात कुठल्या रकान्यात भरायचा?

आता आपल्यातल्या लोकांशी. तुम्ही मला म्हणाल, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, घाणेरडी कामं टाकून द्या. आणि तू कचऱ्याचा हक्क मागतोस? हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून मी पुढं जाणार नाही. बाबासाहेबांनी टाकायला सांगितलं ते लाचारीचं बलुतं. ज्या कामाचा मोबदला दुसरा ठरवतो, ज्याला नाही म्हणता येत नाही, जे जन्मानं चिकटतं, ते. माझ्या बहिणीनं पोतं उचलू नये, तिनं कॉलेजात जावं, हे मलाही पाहिजे. पण आज माझी आय पन्नाशीची आहे. तिला 'सोड' म्हणणारा कुठली नोकरी घेऊन आलाय? कारखाने कंत्राटी झाले, राखीव जागा भरत नाहीत. आणि ती सोडेल त्या दिवशी तिच्या जागी कंपनीचा ट्रक येणार आहे, आणि ट्रकामागं कंत्राटी कामगार म्हणून पुन्हा आपलाच पोरगा लटकणार आहे. फक्त तांबं त्याचं नसणार. घाण आपल्याकडे ठेवून धातू त्यांना देणं याला काम सोडणं म्हणत नाहीत. बलुत्यातनं सुटायच्या दोन वाटा आहेत: काम सोडा, नाहीतर कामाचं मोल ठरवायची ताकद हातात घ्या. जिला पहिली वाट उघडी नाही तिची दुसरी वाट अडवू नका.

आणि आपल्यातल्या त्या साहेबांना एकच. नोकरी लागली, फ्लॅट झाला, आणि आई काय करायची विचारलं की 'घरीच असायची' सांगतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि जिभेवर आईची लाज. त्या फोटोची चौकट सुद्धा तिच्या पोत्यातनं आलीय.

मागणी साधी आहे. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याला १९६९ साली माथाडी कायदा मिळाला: नोंदणी, मंडळ, मजुरीवर लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी. भंगार वेचणारीला तसंच मंडळ पाहिजे. कंपन्या प्रमाणपत्रांचा जो पैसा देतात त्यातला हिस्सा त्या मंडळात पाहिजे. वायर सोलायची यंत्रं वस्तीत पाहिजेत. शहराच्या सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क वेचणारीचा, करारापुरता नाही, कायद्यानं. ओळखपत्र असलेल्या बाईला कलम १२४ दाखवायचं असेल तर आधी चोरीची फिर्याद दाखवा.

हे सरकार देईल तेव्हा देईल. त्याच्या आधी आपण काय करायचं तेही सांगतो, कारण नुसत्या मागण्यांनी आपली पानं भरलीत. हे पान वाचणारे तुम्ही दहावी-बारावी झालात, पदवीला आहात. काशेवाडी, लोहियानगर, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट, जिथं असाल तिथं. येत्या रविवारी एक वही घ्या आणि वस्तीच्या काट्यापाशी जाऊन बसा. काट्यावर शिक्का आहे का बघा. प्रत्येक बाईचं वजन लिहा, भाव लिहा, कट किती मारला लिहा, उचल किती वळती केली लिहा. त्या दिवशीचा तांब्याचा भाव मोबाइलवर बघा आणि शेजारी लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा बसा. भंगारवाला हसेल. तिसऱ्या रविवारी हसणार नाही.

मनूनं लिहिलं, राजांनी तांब्यावर कोरलं. आता वही आपल्या हातात आहे.

जय भीम.